कुठल्या सेकंदाला? हौशी गाण्यांवर अभिप्राय लिहिताना

ठाण्यात आमचा एक छोटा गट आहे. दर दोन महिन्यांनी आम्ही आपसांत गीतलेखनाची स्पर्धा घेतो. शुक्रवारी रात्री विषय मिळतो. दहा दिवसांत गाणं लिहायचं, चाल लावायची, स्वतः गाऊन किंवा कुणाकडून गाऊन घेऊन फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं. जिंकणाऱ्याला पुढचा विषय ठरवायला मिळतो, एवढंच बक्षीस. अट मात्र एक पक्की आहे. ज्यानं गाणं दिलं त्यानं बाकीच्या सगळ्या गाण्यांवर अभिप्राय लिहायचा. नाही लिहिला तर त्याचं गाणं बाद.

नवीन येणारी माणसं गाण्यापेक्षा या अटीलाच जास्त घाबरतात. "मला संगीतातलं काय कळतं?" हे मी दर खेपेला ऐकते. मग ती सगळ्यांना "छान झालंय, लिहीत राहा" असं लिहून मोकळी होतात. माझ्या पहिल्या गाण्यालाही असे बरेच ‘छान’ मिळाले होते, ते मी विसरून गेले. लक्षात राहिला तो एकच अभिप्राय: "१:०५ ला ‘पावसाळी’ हा शब्द तुटतो. ‘पाव’वर ओळ थांबते आणि ‘साळी’ ठेक्याच्या पुढच्या फेरीत येतं. मला क्षणभर खायचा पाव ऐकू आला." लिहिणाऱ्या काकू कधी गाणं शिकलेल्या नव्हत्या. त्यांना काय ऐकू आलं आणि कोणत्या सेकंदाला, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. मी त्याच रात्री ती ओळ बदलली.

नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच. तुमच्याकडून कुणाला परीक्षकाचा निकाल नको आहे. गाणं ऐकताना तुमचं काय झालं आणि कुठे झालं, ते हवं आहे. ते सांगायला हार्मोनियम वाजवता येण्याची गरज नाही.

आधी ऐकायचं कसं

समजा १४ गाणी आहेत आणि प्रत्येक साधारण साडेतीन मिनिटांचं आहे. एकदा सगळी ऐकायला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. प्रत्येक गाणं तीनदा ऐकायचं तर अडीच तास झाले. एका बैठकीत हे करू नका. आठव्या गाण्यानंतर कान थकतात आणि बिचाऱ्या नवव्याला त्याची शिक्षा होते.

पहिल्यांदा ऐकताना हातात काही नको, पेन नको, शब्दांचा कागद तर अजिबात नको. गाणं ऐकणाऱ्याच्या हातात कागद कधीच नसतो, त्यामुळे नुसत्या कानाला किती पोचलं ते याच वेळी कळतं. एकदा शब्द वाचले की न ऐकू आलेलाही ऐकू आल्यासारखा वाटतो, आणि ही पहिली संधी परत मिळत नाही.

दुसऱ्यांदा पेन घेऊन बसा. मी तीनच खुणा करते. कान टवकारले तिथे बरोबरची खूण, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, लक्ष उडालं तिथे फुली. प्रत्येक खुणेशेजारी मिनिट आणि सेकंद. सगळ्यात मोलाची खूण फुली असते, कारण गीतकाराला ती स्वतः कधीच करता येत नाही. स्वतःच्या गाण्यावरून लक्ष कुणाचं उडतं? तुमच्या मनात १:४० ला "गॅस बंद केला का?" हा विचार आला असेल, तर त्या १:४० मध्ये काहीतरी सैल पडलंय. काय सैल पडलंय ते तुम्हाला सांगता आलं नाही तरी चालेल, जागा सांगा.

तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका, आणि या वेळी यादी मधल्या गाण्यापासून सुरू करा. सुरुवातीची आणि शेवटची गाणी लक्षात राहतात, मधली पुसट होतात. क्रम असा बदलला की हा अन्याय थोडा कमी होतो.

ठिकाणाचाही फरक पडतो. मी पुष्कळ गाणी ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकते. ठाण्याला बसलं की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत वाशीपर्यंतच्या अर्ध्या तासात सात-आठ गाणी होतात. शब्द पोचतात का हे पाहायला लोकल उत्तम आहे. तबला किंवा बासरी कशी वाजली यावर मात्र त्या खडखडाटात मत बनवू नका. फोनच्या स्पीकरवरही नको, त्यातून डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग, जवळजवळ ऐकूच येत नाही. "ठेका पोकळ वाटतो" असं लिहिण्याआधी एकदा इयरफोन लावा.

गाण्याला काय करायचं होतं?

काहीही लिहिण्याआधी स्वतःसाठी एक वाक्य पूर्ण करा: "हे गाणं म्हणजे..." हे गाणं म्हणजे बाळाला झोपवणारी आई. हे गाणं म्हणजे घोडबंदर रोडवर अडकलेल्या माणसाची चिडचिड. मग त्या मापानंच ते मोजा. अंगाईत गंमत नाही म्हणून नाक मुरडायचं नाही, चिडचिडीच्या गाण्यात गोडवा शोधायचा नाही. भजनी ठेक्यातल्या गाण्याला "गिटार हवं होतं" हा अभिप्रायच नाही. तुम्हाला ते गाणं तुमच्यासारखं करून हवंय, एवढाच त्याचा अर्थ.

हे वाक्य अभिप्रायात सगळ्यात वर लिहा. पुष्कळदा तेवढंच पुरतं. एका गाण्यावर मी लिहिलं होतं, "दूर गेलेल्या प्रेयसीला उद्देशून हे गाणं मला फार भिडलं." गीतकारानं ते रुग्णालयात असलेल्या आईसाठी लिहिलं होतं. तो रागावला नाही. त्यानं दुसऱ्या ओळीत ‘तुझी ओढणी’चं ‘तुझा पदर’ केलं आणि गाणं जागेवर आलं. एकही दोष न दाखवता ते काम झालं.

शब्द चालीवर बसलेत का?

इथे थोडा वेळ काढते, कारण हौशी गाणं बहुतेक वेळा इथेच अडतं. आणि नेमकी हीच गोष्ट संगीत न शिकलेल्या माणसालाही बोटांवर मोजून सांगता येते.

पहिला अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचं पहिलं कडवं, छान जातो आणि दुसऱ्यात गायकाची दमछाक होते, असं पुष्कळदा दिसतं. दोन्ही अंतऱ्यांच्या पहिल्या ओळीतली अक्षरं मोजा. एकीकडे ८ आणि दुसरीकडे ११ निघाली तर दमछाकीचं कारण सापडलं. आपल्याकडे ही मोजणी जुनीच आहे. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत ६, ६, ६ आणि चौथ्यात ४ अक्षरं असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असतं. म्हणून तर शेकडो अभंग एकाच चालीत म्हणता येतात. गाणं मात्रांवर बांधलेलं असेल तर ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन मात्रा धरा. जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो त्या आधीच्या अक्षराच्याही दोन धरा. अभिप्रायात एवढंच लिहायचं: "२:०२ च्या ओळीत ३ अक्षरं जास्त आहेत, तिथे तू घाईत गायलास."

मग टाळी वाजवून बघा. आपली बहुतेक सुगम गाणी केहरव्यात म्हणजे ठेक्याच्या ८ मात्रांत, नाहीतर दादऱ्यात म्हणजे ६ मात्रांत असतात. ठेका फिरून ज्या मात्रेवर परत येतो ती सम. समेवर कोणता शब्द येतोय ते ऐका. ‘आणि’, ‘तर’, ‘आहे’ असले शब्द समेवर येत असतील आणि गाण्याचा जीव असलेला शब्द घाईत निघून जात असेल, तर ते जरूर कळवा. ‘पाव, साळी’ ही त्याचीच दुसरी तऱ्हा: शब्द मधोमध तुटतो आणि भलताच शब्द तयार होतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं थोडं समजुतीनं घ्या. गाताना ऱ्हस्व अक्षर लांबतंच, त्याला चूक म्हणू नये. पण ‘दिन’ लांबून ‘दीन’ झाला, तर ‘आजचा दिन’ गरीब होतो. अर्थ बदलत असेल तेव्हाच बोट ठेवा. उच्चारांचंही तसंच. हिंदी-इंग्रजीच्या वातावरणात वाढलेली मुलं ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ एकसारखाच म्हणतात, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकच करतात. हे लिहून सांगण्यापेक्षा स्वतः म्हणून पाच सेकंदांचा आवाज पाठवलात तर लगेच समजतं.

यमकाची एक सोपी कसोटी आहे. ती ओळ गद्यात बोलून बघा. कुणी माणूस तसं बोलेल का? क्रियापद उलटंसुलटं करून, कुणी न वापरणारा शब्द आणून यमक जुळवलेलं असेल तर तिथे आपण गाण्यातून बाहेर पडतो. ती जागा सांगा. पर्यायी यमक मात्र सुचवू नका. तुमचं यमक चांगलं असलं तरी ते तुमच्या गाण्याचं असेल.

आणि अंतऱ्यावरून मुखड्यावर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या ओळींवर, गाणं परत कसं येतंय ते ऐका. आमच्यात त्या दुव्याच्या ओळीला क्रॉस लाइन म्हणतात. ती सुरात तर मुखड्याकडे न्यायला हवीच, अर्थातही न्यायला हवी. तिसऱ्यांदा मुखडा आला तेव्हा तो पहिल्यापेक्षा वेगळा वाटला का? वाटला असेल तर गीतकाराला आवर्जून सांगा. त्याला ही बातमी फार हवी असते.

जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते. गीतकाराला शहराच्या खुर्चीवर बसवणाऱ्या गावात आपण गाणी ऐकतोय, तेव्हा शब्दांवर एवढा वेळ घालवायला हरकत नसावी.

बोलीला हात लावताना

ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. एका मुलानं आगरी बोलीत गाणं दिलं होतं. ठाणे, दिवा, ऐरोली, बेलापूर, या सगळ्या पट्ट्यातली ती जुनी बोली. त्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘डोळा’चं ‘डोला’. एका सहभागी व्यक्तीनं त्याला अकरा ‘चुका’ दुरुस्त करून पाठवल्या. तो मुलगा पुढच्या दोन स्पर्धांना आलाच नाही. त्याच्या आजीच्या तोंडची भाषा होती ती, आणि ण-ळ ‘सुधारल्यावर’ त्या गाण्यात आजी उरत नव्हती.

बोलीतल्या गाण्यावर अभिप्राय देताना फक्त एक बघा: गाणं सगळीकडे त्याच बोलीत बोलतंय का? मुखडा आगरीत आणि अंतरा एकदम पाठ्यपुस्तकी मराठीत गेला, तर विचारा, "हे मुद्दाम केलंस का?" एखादा शब्द कळला नाही तर अर्थ विचारा. त्या बोलीत काय बरोबर, हे ती बोलणाऱ्यालाच ठरवू द्या.

आवाज आणि रेकॉर्डिंग

यावर कमी लिहा, स्पर्धा गीतलेखनाची आहे. अंतऱ्यात आवाज चिरकत असेल तर "बेसूर" म्हणून सोडून देऊ नका. बहुधा पट्टी, म्हणजे ज्या स्वरापासून गाणं धरलं तो स्वर, चुकलेली असते. तयार ट्रॅक ज्या पट्टीत मिळाला त्यातच लोक गातात. "एक-दोन स्वर खाली घेऊन गाऊन बघ" हा सल्ला उपयोगी पडतो. पंख्याचा आवाज, फोन तोंडाच्या फार जवळ, तबल्याखाली दबलेले शब्द, या गोष्टी एका वाक्यात उरकाव्यात. रेकॉर्डिंग साफ आहे म्हणून गाणं चांगलं ठरवण्याचा मोह मात्र होतो. तो टाळायचा असेल तर मुखडा स्वतः गुणगुणून बघा. वाद्यं काढून घेतल्यावर जे शिल्लक राहतं, मत त्यावरच द्यायचं.

आता लिहायला घ्या

पाच-सहा वाक्यं पुरेत. गाणं काय वाटलं ते आधी. मग एक-दोन जागा जिथे तुम्ही गुंतलात, वेळेसकट. मग एक जागा जिथे सुटलात. शेवटी हवं तर एक सूचना, एकच. दहा सूचना मिळालेला माणूस एकही अमलात आणत नाही.

स्तुतीलाही पत्ता हवा. "शब्द सुंदर" यातून गीतकाराला काही मिळत नाही. "०:३२ ला तू ‘फलाट ओला’ म्हणालास आणि मला माझी चप्पल ओली झाल्यासारखं वाटलं" यातून त्याला कळतं की असंच आणखी लिहायचंय.

एक अख्खा नमुना देते. विषय होता ‘शेवटची लोकल’. गाण्याचा मुखडा असा:

शेवटची लोकल गेली, उरला फलाट ओला,
चहावाला किटली आवरत मला म्हणाला, "चला."

दुसऱ्या अंतऱ्यात ओळ होती, "जीवन म्हणजे प्रवास आहे, कोण कुणाचा असतो." यावर आलेला पहिला अभिप्राय: "सुरुवात मस्त, नंतर जरा पडतं. अजून मेहनत हवी." मेहनत कुठे करायची ते त्यावरून कळत नाही. त्याच गाण्यावरचा हा दुसरा:

"हे गाणं मला घरी जायची इच्छा नसलेल्या माणसाचं वाटलं. लोकल चुकली म्हणून तो दुःखी नाही, सुटला म्हणून हलका झालाय. बरोबर आहे का? ०:१८ चा ‘चला’ फार आवडला, चहावाला बोलला तिथे मी हसलो आणि पुढच्या क्षणाला वाईट वाटलं. ‘ओला’ला ‘चला’ सहज आलाय. १:५० ला मात्र माझं लक्ष उडालं. तोपर्यंत मला किटली, फलाट, बंद होणारा दिवा असं सगळं दिसत होतं, ‘जीवन म्हणजे प्रवास’ या ओळीत डोळ्यांसमोर काहीच आलं नाही. तो माणूस त्यानंतर फलाटावर काय करतो? ते ऐकायला मला आवडलं असतं."

यात कुठे शेरा नाही, गुण नाहीत. "काय करतो?" हा प्रश्न विचारून अभिप्राय थांबतो. पुढची ओळ गीतकाराची.

कुणाला लिहिताय तेही पाहा. आमच्याकडे कॉलेजातली मुलं आहेत, तसे नौपाड्यातले सत्तरीचे काकाही आहेत. समोरासमोर जसं बोलाल तसंच लिहा. काकांना ‘तुम्ही’, बरोबरीच्याला ‘तू’. मोठ्यांना चूक दाखवायला संकोच वाटत असेल तर जे कळलं नाही ते विचारा: "काका, दुसऱ्या अंतऱ्यातला ‘तो’ म्हणजे मुलगा की देव, मला उमजलं नाही." संकोचापायी काकांना नुसतं "अप्रतिम" लिहून पाठवू नका. त्यांनीही दहा दिवस खपून गाणं केलंय, त्यांनाही खरं ऐकायचं असतं. शाळकरी मुलानं गाणं दिलं असेल तर सूचना गाळून फक्त आवडलेल्या जागा लिहा. तो विचारायला आला तर मग बोला.

चाल ओळखीची वाटली तर सगळ्यांसमोर लिहू नका. आधी मुखडा नुसत्या ‘ल ल ल’वर गुणगुणा. दोन गाणी भैरवीत किंवा यमनात असली की सुरुवातीचे स्वर जुळतातच, त्यात चोरी नाही. ओळच्या ओळ तशीच जात असेल तर गीतकाराला एकट्याला गाठून सांगा: "सुरुवात मला अमुक चालीजवळची वाटते, एकदा तपासून घेशील?" बहुतेकांना आपण काय उचललंय याची कल्पनाच नसते. लहानपणी कानावर पडलेलं आत राहून गेलेलं असतं.

लिहून झालं की रात्रभर ठेवा. सकाळी मोठ्यानं वाचा, समोर तो माणूस बसलाय असं धरून. जे वाक्य तोंडावर बोलवणार नाही ते काढा. पहिल्या तीन क्रमांकांची मतं अभिप्राय लिहून झाल्यावर द्या, आणि अभिप्रायात क्रमांकाचा उल्लेख करू नका. "तुला तिसरा दिला" हे वाचल्यावर बाकीची पाच वाक्यं कुणी वाचत नाही.

सुधारलेलं गाणं आलं तर

काही जण निकालानंतर गाणं दुरुस्त करून परत पाठवतात. ते ऐकायला वेळ काढा. ‘खाडी’ या विषयावर एकीनं फ्लेमिंगोंच्या गुलाबी थव्यांवर ओळ लिहिली होती: "आषाढात गुलाबी झाली खाडी." ऐरोलीच्या एका मैत्रिणीनं तिला कळवलं, "०:४८ ला फ्लेमिंगो दिसायला हवेत ते दिसले नाहीत. ठाण्याच्या खाडीत ते साधारण नोव्हेंबर ते मे असतात. आषाढात आमच्या खिडकीतून नुसता चिखल दिसतो." गाण्यावरचं असलं बोलणं मला फार आवडतं, कारण ते त्या जागी राहणाऱ्यालाच सुचतं.

गीतकारानं ‘आषाढात’चं ‘फाल्गुनात’ केलं. अक्षरं चारच राहिली, एक मात्रा कमी पडली, ती तिनं ‘फा’ लांबवून भरून काढली. फाल्गुन आला म्हणून होळी आली, होळीमुळे गुलाल आला, आणि पूर्वी नसलेला तिसरा अंतरा तिला सुचला. ऐरोलीच्या मैत्रिणीनं नवं गाणं ऐकून एकच ओळ पाठवली: "०:४८ ला आता थवा दिसतो, पण २:१० ला ‘गुलाल’ जरा घाईत जातो."